चांदीच्या क्षाराने पाहिलेला अजिंठा

अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करून त्या विलायतेस पाठविण्याचा जो उद्योग एकोणिसाव्या शतकात दोन वेळा मोठ्या चिकाटीने झाला, त्याचा वृत्तांत ज्यांनी वाचला असेल त्यांना हे ठाऊकच आहे की, त्या दोन्ही खेपांना अग्नीने गाठले. रॉबर्ट गिल याने पंधराहून अधिक वर्षे खपून तैलरंगांत उतरविलेल्या नकला १८६६ च्या डिसेंबरात सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये जळाल्या, आणि मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी पेस्तनजी बमनजी व इतर विद्यार्थ्यांच्या साहाय्याने १८७२ ते १८८५ या काळात केलेल्या नकलांपैकी अनेक १८८५ साली साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात भस्मसात झाल्या. परंतु याच गिलने याच लेण्यांची दुसरी एक नोंद काचेवर आणि कागदावर करून ठेवली होती, आणि ती आजही ग्रंथालयांतून पाहावयास मिळते. या दुसऱ्या नोंदीत स्तंभ आहेत, चैत्यगवाक्षे आहेत, दर्शनी भागांवरील शिल्पे आहेत. ज्या चित्रांसाठी गिलला तेथे तैनात करण्यात आले होते ती चित्रे मात्र तीत जवळजवळ नाहीत. असे का झाले याचे उत्तर गिलच्या अभिरुचीत शोधून सापडावयाचे नाही. ते शोधावे लागते चांदीच्या काही क्षारांच्या स्वभावात.

चांदी ही रसायनशास्त्राच्या कोष्टकात संक्रमणी धातूंच्या ओळीत बसते. या ओळीतील धातूंचे क्षार बहुधा रंगीत असतात. तांब्याचा मोरचूद निळा, कोबाल्टचे क्षार गुलाबी, निकेलचे हिरवे. चांदीच्या आयनात मात्र इलेक्ट्रॉनांचे जे कवच इतरांत अपुरे असते ते भरलेले असल्यामुळे तिचे क्षार फिके असतात. हॅलोजन कुळातील क्लोरीन, ब्रोमीन आणि आयोडीन यांच्याशी तिचा संयोग झाला म्हणजे अनुक्रमे सिल्व्हर क्लोराइड, सिल्व्हर ब्रोमाइड आणि सिल्व्हर आयोडाइड हे तीन पदार्थ होतात. पहिला शुभ्र, दुसरा सायीच्या रंगाचा, तिसरा पिवळा. तिघेही पाण्यात विरघळण्याच्या बाबतीत विलक्षण हट्टी आहेत; त्यातल्या त्यात सौम्य जो क्लोराइड, तोही एक लिटर पाण्यात दोन मिलिग्रॅमच्या आतच विरघळतो, आणि आयोडाइडचे मान त्याच्याही शेकडो पटींनी कमी. नवसागरातून निघणारा अमोनिया पाण्यात मुरवून त्यात टाकले असता क्लोराइड सुखाने विरतो, ब्रोमाइड नाखुशीने विरतो आणि आयोडाइड दाद देत नाही. चौथे भावंड जे फ्लोराइड, ते पाण्यात सहज विरघळते. त्यामुळे छायाचित्राच्या व्यवहारात त्याचा उपयोग झाला नाही आणि आपल्या कथेतही त्याला स्थान नाही.

हे क्षार तयार करण्याची कृती तत्त्वतः सोपी आहे, आणि तिची अर्धी सामग्री आपल्या बाजारपेठेत पूर्वापार होती. तेजाबात, म्हणजे शोऱ्यापासून काढलेल्या नायट्रिक आम्लात, चांदी विरघळवून सोने वेगळे करण्याची युक्ती सोनारांना जुनीच माहीत होती. कंपनी सरकारचा रुपया १८० ग्रेन वजनाचा असे आणि त्यात बारांत अकरा भाग चांदी असे. असे नाणे पातळ केलेल्या तेजाबात टाकून उष्णता दिली, की तांबूस धूर निघतो आणि नाण्यातील तांब्यामुळे द्राव निळसर होतो. या द्रावात साध्या मिठाचे पाणी ओतताच दह्यासारखा पांढरा साका बसतो. तो सिल्व्हर क्लोराइड होय. तांबे वरच्या पाण्यात राहते आणि ते धुऊन टाकता येते. या साक्यापासून जस्त व आम्ल यांच्या योगाने शुद्ध चांदीची करडी भुकटी परत मिळविता येते, ती पुन्हा तेजाबात विरघळवून द्राव आटविला म्हणजे काडीखाराचे स्फटिक मिळतात, आणि हाच काडीखार छायाचित्रकाराचे मूळ भांडवल. मिठाऐवजी पोटॅशियम ब्रोमाइड घातले तर ब्रोमाइड, पोटॅशियम आयोडाइड घातले तर आयोडाइड. एवढेच की, साका बसल्यानंतरचे सगळे काम अंधारात करावयाचे. कारण उजेड लागला की तो पांढरा क्लोराइड प्रथम जांभळट, मग तपकिरी आणि अखेर काळा पडत जातो.

हा काळेपणाच सर्व विद्येचे मूळ. जर्मनीतील शुल्झ याने अठराव्या शतकाच्या आरंभीच हे दाखविले की, चांदीचा क्षार काळा होतो तो उष्णतेने नव्हे, प्रकाशाने. स्वीडनच्या शेले याने १७७७ त असे नोंदविले की जांभळ्या किरणांनी तो सर्वांत लवकर काळा होतो. ही दुसरी नोंद वाचकांनी लक्षात ठेवावी. अजिंठ्याच्या प्रकरणी तीच पुढे निर्णायक ठरली आहे. १८०२ त वेजवुड आणि डेव्ही यांनी अशा क्षारांवर पानांच्या व चित्रांच्या आकृती उमटविल्या, पण त्या टिकविता आल्या नाहीत. पाहण्यासाठी उजेडात आणल्या की सगळाच कागद काळा. न काळवंडलेला क्षार विरघळवून काढून टाकणारे द्रव्य, ज्याला छायाचित्रकार पुढे हायपो म्हणू लागले, त्याचा हा गुण जॉन हर्शेलने १८१९ साली प्रसिद्ध केला. योगायोग असा की, त्याच १८१९ च्या एप्रिलात मद्रास लष्कराचा जॉन स्मिथ नावाचा अधिकारी शिकारीच्या नादात वाघोरा नदीच्या नालाकृती दरीत उतरला आणि दहाव्या लेण्याच्या एका स्तंभावर आपले नाव व तारीख कोरून गेला. एकाच वर्षी एकीकडे चित्र टिकविण्याचा उपाय हाती आला आणि दुसरीकडे टिकवावयाची चित्रे जगासमोर आली. पण या दोहोंची गाठ पडण्यास अद्याप चाळीस वर्षे लागावयाची होती.

दख्खनच्या कारागिरीत चांदी आणि क्षार यांचे एक वेगळेच नाते याच्या कितीतरी आधीपासून नांदत होते. बिदरी काम, जे बीदरप्रमाणे औरंगाबादेसही होत आले आहे, त्यात जस्त-तांब्याच्या मिश्रधातूच्या भांड्यात चांदीची तार ठोकून बसवितात आणि मग बीदरच्या किल्ल्यातील माती व नवसागर यांचा लेप देतात. त्याबरोबर भांडे काळे कुळकुळीत होते आणि चांदी मात्र पांढरीच राहते. छायाचित्रात सर्व उलट: तेथे जे काळे दिसते तीच चांदी, आणि जे पांढरे दिसते तो कोरा कागद.

मुंबई इलाख्यात ही विद्या लवकर आली. १८५४ त मुंबईस फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन संस्थेत या विषयाचा वर्ग सुरू झाला, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे त्या काळच्या नामांकित छायाचित्रकारांत गणले जाऊ लागले. भाऊ दाजींनी स्वतः पुढे अजिंठ्याच्या शिलालेखांचे वाचन प्रसिद्ध केले. एकाच घरात एका भावाच्या हाती लेण्यांची लिपी आणि दुसऱ्या भावाच्या हाती काडीखाराची बाटली, असे हे चित्र मराठी वाचकांनी अजून पुरेसे लक्षात घेतलेले नाही.

गिलची नेमणूक १८४४ ची. रॉयल एशियाटिक सोसायटीच्या विनंतीवरून कंपनीच्या संचालकांनी त्याला चित्रांच्या नकला करण्यासाठी अजिंठ्यास धाडले. हा मुलूख निजामाच्या रियासतीत, औरंगाबादच्या सुभ्यात. खानदेशची सरहद्द जवळच. गावातील बारादरीत गिल राहू लागला. पारो या तेथील स्त्रीशी जडलेला त्याचा स्नेह, १८५६ तील तिचा मृत्यू, ना. धों. महानोरांची त्यावरील दीर्घ कविता, नंतरचा चित्रपट, हे सर्व महाराष्ट्राला पाठ आहे. परंतु त्या प्रेमकथेच्या भरात एक गोष्ट झाकली गेली. तैलचित्रांचे काम रेंगाळत चालले असता अठराशे पन्नासच्या दशकाच्या उत्तरार्धात गिलने कॅमेरा हाती घेतला आणि त्याचे फलित म्हणून १८६४ त जेम्स फर्ग्युसनच्या विवेचनासह दोन ग्रंथ लंडनला निघाले: एकात लेण्यांची ७४ छायाचित्रे, दुसऱ्यात पश्चिम भारतातील वास्तू आणि प्राणिसृष्टी यांची १०० द्विनेत्री चित्रे, जी जोडभिंगातून पाहिली असता खोली भासते. गिल पट्टीचा शिकारी असल्यामुळे लेण्यांच्या पंक्तीला मारलेली जनावरेही येऊन बसली आहेत, याचे त्या काळी कोणास वावगे वाटले नसावे.

त्या काळी प्रचलित असलेली रीत ओल्या काचेची होती; फ्रेडरिक स्कॉट आर्चरने ती १८५१ त प्रसिद्ध केली. कापसाला नायट्रिक व गंधकाम्ल यांनी संस्कारित करून ईथर व मद्यार्क यांत विरघळविले म्हणजे कोलोडियन नावाचा चिकट द्राव होतो. त्यात आयोडाइड, व पुष्कळदा थोडे ब्रोमाइड, मिसळून तो काचेवर सारखा पसरावयाचा, अंधारात काडीखाराच्या पाण्यात ती काच बुडवावयाची, म्हणजे त्या पातळ थरातच सिल्व्हर आयोडाइडचा पिवळट साका तयार होतो. आणि मग ती काच ओली आहे तोपर्यंतच कॅमेऱ्यात घालून, प्रकाश देऊन, परत अंधारात आणून तिच्यावर हिराकसाचा द्राव ओतावयाचा. प्रकाशाने क्षाराच्या कणांवर चांदीचे केवळ काही अणू सुटे झालेले असतात. डोळ्यांना त्यांचा मागमूसही लागत नाही. हिराकस काचेवरच्या ओल्या काडीखारातील चांदी सुटी करून ती त्या अणूंवर चढवितो आणि अदृश्य चित्र दृश्य होते. आर्चरच्या आधीच्या टॅलबटच्या कागदी रीतीत हेच काम मायफळापासून मिळणारे गॅलिक आम्ल करी. ज्या मायफळाची बाळघुटी आपल्या घरोघर उगाळली जाते आणि ज्या हिराकसाने रंगारी कापड काळे करीत आले, त्यांनीच ही नवी विद्या उभी राहिली, हे सांगितले असता आपल्याकडील रसायनाच्या विद्यार्थ्यांना अद्याप नवल वाटते.

आता ही कृती वैशाखात अजिंठ्यास करावयाची आहे अशी वाचकांनी कल्पना करावी. ईथर साडेचौतीस अंशांच्या सुमारास उकळते, आणि आमच्या जिल्ह्यात उन्हाळ्याचा पारा चाळीस ओलांडतो. म्हणजे बाटलीचे बूच काढताच द्रावाचा निम्मा जीव वाऱ्यावर. काच ओली राहण्याचा अवधी थंड देशांत दहा मिनिटांच्या घरात असेल, तर येथील कोरड्या झळांत त्याहून कितीतरी कमी. अंधारी खोली हवी ती लेण्याच्या दाराशीच, नाही तर धावपळीत काच सुकली. पाणी हवे ते विपुल, आणि तेही असे की ज्यात मिठाचा अंश नाही. कारण कोणत्याही विहिरीच्या पाण्यात काडीखाराचा थेंब टाकला की ते दुधाळ होते, आणि ते दूध म्हणजे फुकट गेलेली चांदी. पावसाचे साठविलेले अथवा उकळून वाफ निववून घेतलेले पाणी वापरल्यावाचून गत्यंतर नव्हते. लेण्यांच्या आत तर प्रकाशच अपुरा. हातांवर काडीखाराचे काळे डाग पडत ते चामडी झडेपर्यंत जात नसत. आणि काचेवरची निगेटिव्ह सिद्ध झाल्यावर तिच्यापासून कागदी प्रत काढावयाची तीही सिल्व्हर क्लोराइडानेच: अंड्याच्या पांढऱ्यात मीठ कालवून कागदावर तो लेप द्यावयाचा, काडीखाराच्या पाण्यावर तो कागद तरंगवावयाचा आणि निगेटिव्हखाली उन्हात धरावयाचा. या कामाला आमचे ऊन मात्र उत्कृष्ट.

इतके कष्ट करून चित्रे का उमटली नाहीत? अंधार हे अर्धेच कारण. शेलेने जे पाहिले होते तेच येथे आडवे आले. आयोडाइड फक्त जांभळा व त्यापलीकडील अदृश्य प्रकाश घेतो. ब्रोमाइडची झेप निळ्याच्या किंचित पुढे जाते. हिरवा, पिवळा, तांबडा यांचे या क्षारांना भानच नाही. आणि अजिंठ्याच्या चितारी मंडळींचे मुख्य भांडवल कोणते? गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, चुना. एक निळा तेवढा लाजवर्द दगडाचा, परदेशाहून आलेला आणि जपून वापरलेला. गेरूची तांबूस काया काचेला काळोखासारखी, पिवळी वस्त्रे तशीच, आणि जेथे लाजवर्द आहे तेथे एकदम पांढरे. त्यात भर म्हणून चित्रे उजळावीत या हेतूने नकलाकारांनी त्यांवर रोगण चढविले, ते कालांतराने पिवळे पडले. आणि पिवळा थर तर नेमका तोच निळा प्रकाश गिळतो ज्यावर हा क्षार जगतो. रोगणाचा हा अपराध डोळ्यांना दिसे त्याहून कॅमेऱ्याला अधिक भोवला. परिणाम असा की, विलायतेतील विद्वानांनी छायाचित्रांतून जो अजिंठा प्रथम पाहिला तो करड्या दगडाचा अजिंठा होता. फर्ग्युसनसारख्या वास्तुमर्मज्ञाला तेवढे पुरले, आणि आपल्या लेण्यांचा अभ्यास आरंभी चित्रकलेपेक्षा वास्तुकलेच्या अंगाने अधिक पुढे गेला यास चांदीच्या क्षाराचा आंधळेपणाही काही अंशी कारण झाला असे माझे मत आहे.

वेरूळच्या बाबतीत हाच क्षार उदार ठरला. तेथे रंग थोडा, दगड पुष्कळ, आणि कैलास तर उघड्या आकाशाखाली. काळा बसॉल्ट आणि तिरपे ऊन यांचे अंगप्रत्यंग तो अचूक टिपतो. जेम्स बर्जेसने पश्चिम भारताच्या पुरातत्त्व सर्वेक्षणासाठी बीदर व औरंगाबाद जिल्ह्यांतील प्राचीन अवशेषांचा अहवाल १८७८ त काढला, फर्ग्युसनबरोबर लेण्यांवरील मोठा ग्रंथ १८८० त सिद्ध केला. आणि पुढे लाला दीनदयाळ यांनी निजामाच्या मुलखाची जी दृश्ये १८९२ च्या सुमारास टिपली त्यांत दौलताबाद, बीबी का मकबरा आणि वेरूळ यांना मानाचे स्थान मिळाले. सहावे निजाम महबूब अली खान यांनी दीनदयाळांना राजा बहादूर मुसव्विर जंग हा किताब दिला. औरंगाबादेस आगगाडी १९०० त आली, तोवर वेरूळकडे येणारा प्रवासी नांदगाव स्टेशनावर उतरून टांग्याने येई. काचांच्या पेट्याही त्याच वाटेने खडखडत आल्या-गेल्या असतील. तोपर्यंत निदान ओल्या काचेचा जाच संपला होता. रिचर्ड मॅडॉक्स या वैद्याने १८७१ त सिल्व्हर ब्रोमाइड सरसासारख्या जिलेटिनमध्ये धरून ठेवण्याची तोड काढली होती. आता काचा कारखान्यातून तयार येत, महिनोन्महिने टिकत, आणि तंबूत ईथर उघडण्याचे कारण उरले नव्हते.

आंधळेपणावरचा उपाय बर्लिनच्या हर्मान फोगेलला १८७३ त सापडला. ब्रोमाइडच्या कणांवर विशिष्ट रंगद्रव्याचा सूक्ष्म लेप चढविला तर ते रंगद्रव्य जो प्रकाश शोषते त्याची वार्ता कणालाही पोचते. प्रथम हिरवा व पिवळा साधला. तांबड्यासह सर्व वर्ण घेणाऱ्या काचा १९०६ पासून बाजारात आल्या. गेरूचा अजिंठा यानंतरच छायाचित्रात शिरला. हैदराबाद संस्थानात १९१४ त पुरातत्त्व खाते स्थापन झाले, त्याचे पहिले प्रमुख गुलाम याझदानी. त्यांच्या हयातीतील श्रेष्ठ कार्य म्हणजे १९३० ते १९५५ या काळात ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मुद्रणालयातून निघालेले अजिंठ्याचे खंड, ज्यांच्या नावातच ही चित्रे छायाचित्रणावर आधारलेली असल्याचे ठळकपणे सांगितले आहे. छायाचित्रे ई. एल. व्हॅसी यांची होती. त्या काळी रंगीत प्रतिमा छापावयाची तर तीन गाळण्यांतून घेतलेल्या तीन काळ्या चांदीच्या निगेटिव्हच लागत. रंग येई तो छापखान्याच्या शाईतून. गिलच्या आणि ग्रिफिथ्सच्या ब्रशाला जे चिरस्थायी करता आले नाही ते या खंडांनी केले, आणि याझदानींचे हे ऋण मराठवाड्याने अधिक मोकळेपणाने मान्य करावयास हवे. १९९० नंतर बिनय बहल यांनी लेण्यांतील अंधुक प्रकाशातच, दीर्घ वेळ झडप उघडी ठेवून, रंगीत फिल्मवर जी चित्रे घेतली तीही ब्रोमाइडचीच करणी; त्यानंतर मात्र सिलिकॉनने हा कारभार आपल्याकडे घेतला.

याच कुळातील आयोडाइडचे नाव अलीकडे आमच्या छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत, निराळ्याच निमित्ताने निघाले. त्याच्या स्फटिकाची घडण बर्फाच्या घडणीशी जुळते आणि म्हणून थंड ढगातील पाणी त्याभोवती गोठते, हे अमेरिकेत बर्नार्ड व्हॉनेगट याने १९४६ त दाखविले. मराठवाड्यात २०१५ आणि २०१९ च्या अवर्षणात कृत्रिम पावसाचे जे प्रयोग येथील विमानतळावरून झाले त्यांच्या बातम्यांत मिठाबरोबर हा क्षारही वरचेवर आला. पावसाचा हिशेब वादग्रस्त राहिला. तो विषय येथे वाढविण्याचे प्रयोजन नाही.

एक विनंती मात्र करावीशी वाटते. छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या पेठांतील वाड्यांत, बंद पडलेल्या फोटोच्या दुकानांत, निवृत्त अधिकाऱ्यांच्या लोखंडी ट्रंकांत काचेच्या निगेटिव्ह आणि जुन्या फिल्म अद्याप पडून असतात, आणि त्यांतील चांदी काढून घेण्यासाठी भंगारवाले त्या किलोच्या भावाने विकत घेतात. अशी चांदी निघते ती चिमूटभर; जाते ते निजामाच्या अमदानीतील एखादे लग्न, एखादी मिरवणूक, पुढे पाडला गेलेला एखादा वेशीचा दरवाजा. ज्यांच्या घरी अशा वस्तू असतील त्यांनी त्या ओल आणि ऊन यांपासून दूर, प्रत्येक काच स्वतंत्र कोऱ्या कागदात गुंडाळून, उभी ठेवावी, थराच्या बाजूस बोट लावू नये, आणि सांभाळणे होत नसेल तर विद्यापीठाच्या इतिहास संग्रहालयाकडे अथवा महापालिकेच्या पुराणवस्तु संग्रहालयाकडे चौकशी केल्याखेरीज विकू नयेत.